सॉफ्टवेअर सेल्सच्या मुलाखतीला जाताय? या चुका टाळा

भोसरीतल्या एका छोट्या कारखान्याचा मालक असल्याचे सोंग मी मुलाखतीच्या खोलीत आजवर कितीतरी वेळा घेतले आहे. माझ्याकडे ८० कामगार आहेत, त्यांची हजेरी एक्सेलमध्ये आणि हिशेब टॅलीत असतो, एवढी माहिती देऊन मी समोरच्या उमेदवाराला हजेरी व पगाराचे सॉफ्टवेअर विकायला सांगते. यानंतर बहुतेक जण एकच चूक करतात. सॉफ्टवेअर क्लाउडवर चालते, मोबाइल ॲप आहे, चेहरा ओळखून हजेरी लागते, सगळे अहवाल डॅशबोर्डवर दिसतात, असे ते तीन-चार मिनिटे न थांबता सांगत राहतात आणि शेवटी मी कारखानदाराच्या आवाजात म्हणते, ‘‘बरं, ईमेल करून ठेवा.’’ विक्रीच्या धंद्यात या वाक्याचा अर्थ बहुधा ‘नको’ असाच असतो. उमेदवाराला मात्र तो होकार वाटतो आणि तो आभार मानून मोकळा होतो.

इचलकरंजीहून आलेल्या एका मुलीने हेच वेगळ्या तऱ्हेने केले. तिने आधी विचारले, ‘‘महिनाअखेरीस पगारपत्रक करायला किती दिवस लागतात?’’ मी म्हटले, तीन. ‘‘ते काम कोण करतं?’’ अकाउंटंट. ‘‘मग त्या तीन दिवसांत तुमच्या वसुलीचे फोन कोण करतं?’’ या प्रश्नावर मी खरोखरच गप्प झाले. सॉफ्टवेअरचे नावही न घेता तिने माझे दुखणे शोधून काढले होते. ‘महाग आहे’ असे मी म्हटल्यावरही इतरांसारखी ती लगेच सवलतीवर घसरली नाही. कशाच्या तुलनेत महाग वाटते, एवढेच तिने विचारले.

याच मुलीने सुरुवातीला आपल्या इंग्रजीबद्दल दोनदा माफी मागितली होती, आणि ती चूक मराठी माध्यमातून आलेल्या उमेदवारांत फार दिसते. ज्या कंपनीचे ग्राहक यंत्रमागवाले, फाउंड्रीवाले किंवा घाऊक व्यापारी आहेत, तिला मराठी आणि हिंदीत व्यवहाराचे बोलणारा माणूसच हवा असतो. परदेशी ग्राहकांसाठी इंग्रजी लागतेच, पण तिथेही उच्चारांपेक्षा वाक्य छोटे आणि स्पष्ट आहे का, हे आधी पाहिले जाते.

आकडा गोल करून सांगणे

ही चूक मी स्वतः केलेली आहे. बाणेरमधल्या एका कंपनीत मला विचारण्यात आले, ‘‘मागच्या तिमाहीत टार्गेटच्या किती टक्के झालं?’’ मी सहजपणे ‘जवळपास शंभर’ असे सांगितले. समोरच्या गृहस्थांनी कोरा कागद माझ्याकडे सरकवला आणि टार्गेटची रक्कम, ग्राहकांची संख्या व सरासरी सौदा मांडायला सांगितला. दुसऱ्याच ओळीत माझे गणित अडले. खरा आकडा ४० लाखांपैकी ३३ लाखांचा होता, म्हणजे साडेब्याऐंशी टक्के. तो तसाच सांगून, कोणते दोन सौदे का निसटले हे मांडले असते, तर त्यात लाजण्यासारखे काहीच नव्हते. विक्री करणाऱ्याला स्वतःचे आकडे तोंडपाठ नसणे, ही अपुऱ्या टार्गेटपेक्षा मोठी उणीव मानली जाते.

नवख्या उमेदवाराकडे मागचे आकडे नसतात, पण त्याला पुढचे मांडता येतात. वर्षाचे टार्गेट १ कोटी आणि सरासरी सौदा ४ लाखांचा असेल, तर २५ ग्राहक लागतील. पाच खऱ्या संधींतून एक सौदा होतो असे धरले, तर वर्षाला १२५ संधी, म्हणजे महिन्याला दहा-अकरा. एवढे गणित कागदावर करून ‘यातल्या किती लीड (संभाव्य ग्राहक) मार्केटिंगकडून येतात आणि किती मला स्वतः शोधाव्या लागतील?’ असे विचारणारा उमेदवार मुलाखत घेणाऱ्याच्या लक्षात राहतो.

पॅकेजचा एकच आकडा ऐकणे

मुलाखतभर चांगले प्रश्न विचारणारी माणसेही पगाराचा विषय निघाला की गप्प होतात, आणि त्याची किंमत पुढे वर्षभर मोजतात. ‘१२ लाख सीटीसी, ६०-४०’ याचा अर्थ कंपनी तुमच्यावर वर्षाला जो एकूण खर्च (सीटीसी) धरते, त्यातले ७.२० लाख निश्चित आणि ४.८० लाख कामगिरीवर अवलंबून. म्हणजे महिन्याला ६० हजार, आणि त्यातही कंपनीच्या वाट्याचा भविष्यनिर्वाह निधी व ग्रॅच्युइटीची तरतूद बहुधा धरलेली असते. उरलेले १.२० लाख दर तिमाहीला मिळतीलच, असे नाही. टार्गेटच्या ७० टक्क्यांखाली काहीच देय नाही, अशी अट असेल, तर ६८ टक्के काम करणाऱ्याच्या हातात शून्य पडते. माझ्या एका सहकाऱ्याला हे पहिल्या तिमाहीचा पगार जमा झाल्यावर कळले. ऑफर लेटरमध्ये फक्त ‘कंपनीच्या धोरणानुसार’ एवढेच लिहिलेले होते आणि ते धोरण त्याने मागितलेच नव्हते.

म्हणून इन्सेन्टिव्हची योजना लेखी मागावी आणि त्यात काही गोष्टी मुद्दाम पाहाव्यात. पहिले काही महिने टार्गेट कमी असते का? ग्राहकाने मध्येच करार रद्द केला किंवा पैसे थकवले, तर दिलेला इन्सेन्टिव्ह परत कापला जातो का? रक्कम देण्याच्या तारखेआधी नोकरी सोडली, तर कमावलेले बुडते का? या सगळ्यांहून महत्त्वाचा प्रश्न असा, की सध्याच्या टीममधल्या किती जणांनी गेल्या वर्षी टार्गेट पूर्ण केले. उत्तरात आकड्याऐवजी ‘आमच्याकडे आकाशच मर्यादा आहे’ असे काही ऐकू आले, तर जे समजायचे ते समजून घ्यावे.

‘यूएस शिफ्ट’ म्हणजे नक्की किती वाजता?

न्यूयॉर्कमधले सकाळचे ९ म्हणजे आपल्याकडे उन्हाळ्यात संध्याकाळचे ६.३०, आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी तिथली घड्याळे मागे गेली की मार्चपर्यंत ७.३०. कॅलिफोर्नियात ग्राहक असतील, तर हेच ९ आपले रात्रीचे ९.३० किंवा १०.३० होतात. ग्राहक कोणत्या किनाऱ्यावरचे आहेत हे न विचारता होकार देणाऱ्याची झोप पहाटे ३ ला सुरू होणार की सकाळी ७ ला, हे त्याला रुजू झाल्यावर समजते. हिंजवडी किंवा खराडीहून रात्री घरी सोडण्याची सोय आहे का, हेही तिथेच विचारून घ्यावे.

गृहपाठ आणि जुनी यादी

एखाद्या कंपनीबद्दल एक पान लिहून आणणे किंवा दहा मिनिटांचा डेमो देणे, हा रास्त गृहपाठ आहे. दोनशे संभाव्य ग्राहकांची नावे, फोन आणि ईमेल गोळा करून द्या, असे कोणी सांगितले, तर ते फुकटचे काम आहे. नमुन्यादाखल पाच द्यावीत आणि ती कशी शोधली हे समजावून सांगावे. लॅपटॉपसाठी किंवा प्रशिक्षणासाठी अनामत मागणाऱ्याशी पुढे बोलूच नये.

‘जुन्या कंपनीच्या ग्राहकांची यादी आणू शकाल का?’ हा प्रश्न कधी मोहात पाडणारा असतो, तर कधी निव्वळ परीक्षा घेणारा. दोन्ही वेळा उत्तर नकाराचेच असावे, कारण गोपनीयतेच्या करारावर सही तुमची असते आणि आज तिकडची यादी इकडे आणणारा उद्या इकडची दुसरीकडे नेईल, हे समोरच्यालाही कळते.

मुलाखत संपल्यावर गप्प बसून राहणे, हे तर या क्षेत्रात अनाकलनीयच आहे. त्याच दिवशी चार ओळींचा ईमेल पाठवावा, त्यात अर्धवट राहिलेल्या एखाद्या प्रश्नाचे उत्तर द्यावे आणि निर्णय कधीपर्यंत अपेक्षित आहे हे विचारावे. आठवड्याने एक आठवण करावी. त्यानंतरही उत्तर आले नाही, तर पुढच्या कंपनीच्या तयारीला लागावे.