न्यू जर्सीत बंदूक घेताय? या चुका टाळा

"काका, एक क्विक विचारायचं होतं," असा फोन आला की मी आधी गॅस बारीक करतो. प्रश्न कधीच क्विक नसतो. एडिसनच्या आमच्या मराठी मंडळींत मी 'रेंजवर जाणारा', म्हणजे नेमबाजीच्या मैदानावर जाणारा, म्हणून ओळखला जातो, त्यामुळे ज्याला पहिली बंदूक घ्यायची तो माझ्याकडे येतो. कॅलिबर कुठलं, ब्रँड कुठला, यावर रात्र रात्र व्हिडिओ बघून झालेले असतात. कायद्याचं विचारलं की उत्तर ठरलेलं: "ते बघू नंतर."

आपल्या डोक्यात बसलेला हिशेब चुकीचा असतो, ही खरी गोची. भारतात शस्त्र कायदा १९५९चा आणि सगळ्या देशाला एकच. २०१९ला दुरुस्ती झाली, तीनऐवजी दोनच बंदुका ठेवायच्या असं ठरलं, तेही सांगलीपासून सिल्चरपर्यंत सारखंच. इथे फेडरल कायदा वेगळा, त्यावर प्रत्येक राज्याचा वेगळा, आणि राज्याचा कायदा दर दोन-चार वर्षांनी कूस बदलतो. बंदूक तुमच्या कपाटात जागची हललेलीही नसते.

"घेतली तेव्हा कायदेशीर होती"

हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की आता हसूही येत नाही. न्यू जर्सीत १९९०पासून मॅगझिनला, म्हणजे बंदुकीत बसणाऱ्या गोळ्यांच्या डबीला, १५ गोळ्यांची मर्यादा होती. जून २०१८मध्ये ती १०वर आणली आणि १८० दिवसांची मुदत दिली. शेवटचा दिवस १० डिसेंबर २०१८. जुन्या मालकांना सूट नाही. विका, जमा करा, कायमची १०ची करून घ्या नाहीतर निकामी करा. माझ्याकडे १५ची चार होती. तीन मी ऑगस्टमध्येच गनस्मिथकडून, म्हणजे बंदुका दुरुस्त करणाऱ्याकडून, १०ची करून आणली आणि स्वतःवर खूश होतो. चौथं ९ डिसेंबरच्या रात्री रेंजच्या बॅगेच्या बाजूच्या कप्प्यात सापडलं, कानात घालायच्या स्पंजच्या बोळ्यांखाली. गॅरेजमध्ये हॅकसॉने कापत बसलो. बायको दारात उभी राहून म्हणाली, "दिवाळीत कंदील करायला सांगितला तेव्हा करवत सापडत नव्हती."

म्हणून माझी एक सवय आहे, पटली तर घ्या. बंदुकीच्या पेटीच्या झाकणाला आतून एक कार्ड चिकटवलंय. कुठली वस्तू, कधी घेतली, आणि त्या वस्तूचा कायदा मी शेवटचा कधी वाचला ती तारीख. सहा महिने उलटले की पुन्हा वाचायचा. फॉरवर्ड आलेला मेसेज म्हणजे वाचन नव्हे. आणि गव्हर्नरने सही केली ती तारीख वेगळी, कायदा लागू होतो ती वेगळी. कार्डावर दुसरी लिहायची.

घर बदलताना सगळं सामान तसंच आणणं

आमचा एक मित्र, मूळचा साताऱ्याचा, डॅलसला नऊ वर्षं राहिला, तिथेच सिटिझन झाला. २०२३च्या जुलैत नोकरी इकडे आली. व्हर्जिनियातल्या मोटेलमधून रात्री फोन: "दादा, उद्या संध्याकाळी पोचतो, पिठलं-भात ठेव." मी सहज विचारलं, "पिस्तुलाची मॅगझिनं कितीची?"

"सतराची. सहा आहेत. पण सगळं कुलपात आहे रे, प्रवासाला फेडरल कायद्याचं संरक्षण असतं ना?"

असतं. १९८६चा तो कायदा सांगतो की बंदूक रिकामी ठेवा, हाताशी येणार नाही अशी ठेवा, मग मधली राज्यं तुम्हाला अडवणार नाहीत. पण निघालात तिथे आणि पोचणार तिथे, दोन्हीकडे ती बाळगणं कायदेशीर असलं पाहिजे. हा गडी पोचणार होता एडिसनला. म्हणजे ज्या गावात सामान उतरवायचं तिथेच संरक्षण संपतं.

आय-७८ने येणाऱ्याला डेलावेअर नदी ओलांडली की न्यू जर्सी लागते. अलीकडे ईस्टन, पेनसिल्व्हेनिया, तिथे मॅगझिनला राज्याची मर्यादा नाही. मी त्याला सांगितलं, पूल ओलांडायचा नाही, मी येतो. दुसऱ्या दिवशी ईस्टनजवळच्या बंदुकांच्या एका दुकानाच्या पार्किंगमध्ये जुलैच्या उन्हात आम्ही दोघं यू-हॉलचा भाड्याचा ट्रक उपसत होतो. खोक्यांवर वहिनींचं सुवाच्य अक्षर. मॅगझिनं कुठे? तर 'देवघर – नाजूक' या खोक्यात, कारण दसऱ्याला पूजा करून ती तिथेच ठेवली होती. पाच सापडली. सहावं दीड तासाने प्रेशर कुकरमध्ये निघालं, जुन्या टॉवेलात गुंडाळलेलं, पोकळ जागा वाया जाऊ नये म्हणून. दुकानदाराने सहांचे मिळून साठ डॉलर दिले. मित्राचा चेहरा पडला. मी म्हटलं, वकिलाची पहिली भेट याच्या कितीतरी पट महाग पडते.

काम तिथे संपत नाही. २०२२च्या कायद्याने नव्याने राहायला येणाऱ्याला ६० दिवसांत इथलं बंदूक खरेदीचं ओळखपत्र काढून बाहेरून आणलेल्या बंदुकांची नोंद करावी लागते. त्याने सव्विसाव्या दिवशी अर्ज केला, तोही मी रोज विचारत होतो म्हणून.

शेजारच्या राज्याचं परमिट चालेल असं समजणं

नाही चालत. २०१३मध्ये फिलाडेल्फियाची एक दोन मुलांची आई गाडीने इकडे आली. पोलिसाने थांबवल्यावर तिने स्वतःहून सांगितलं की माझ्याकडे पिस्तूल आहे, ते जवळ बाळगायचं पेनसिल्व्हेनियाचं परमिटही आहे. तिला अटक झाली. इथे परमिटशिवाय पिस्तूल बाळगणं म्हणजे ५ ते १० वर्षं तुरुंग, त्यातले किमान ४२ महिने पॅरोलशिवाय. शेवटी २०१५मध्ये गव्हर्नर ख्रिस्टींनी तिला माफी दिली. तुमच्यासाठी गव्हर्नर सही करेल या भरवशावर राहू नका.

टेक्ससवाल्यांची उलटी गंमत. १ सप्टेंबर २०२१पासून तिथे परमिटशिवाय पिस्तूल जवळ ठेवता येतं, म्हणून पुष्कळांनी परमिट काढणंच सोडलं. पण शाळेपासून हजार फुटांच्या आत भरलेलं पिस्तूल नेण्यावर फेडरल बंदी आहे, आणि त्यातून सूट मिळते ती राज्याच्या परमिटवाल्याला. गावात फिरताना हजार फुटांत शाळा न येता किती अंतर जाता येतं, मोजून बघा. काढा परमिट.

विमानतळावर बॅग हातात घेणं

२००५मध्ये युटाहचा एक गृहस्थ नेवार्कला अडकला. पुढचं विमान चुकलं, बॅग ताब्यात घेतली, रात्र हॉटेलात काढली, सकाळी चेक-इनला इमानदारीत सांगितलं की बॅगेत कुलूपबंद पिस्तूल आहे. अटक. २०१०मध्ये अपील कोर्ट म्हणालं, रात्रभर बॅग हाताशी होती, म्हणजे १९८६चं संरक्षण गेलं. मी नेवार्क आणि न्यूयॉर्कमार्गे बंदूक नेतच नाही. मित्र भित्रा म्हणतात, म्हणू देत.

बाकीच्या, थोडक्यात

एच-वन व्हिसावर असाल तर बंदूक किंवा गोळ्या बाळगू नका, रेंजवर भाड्याने घेतलेलीही त्यातच आली. शिकारीच्या परवान्याची पळवाट कायद्यात आहे, पण ऑनलाइन परवाना काढून थेट दुकान गाठणाऱ्यांनी आधी इमिग्रेशनच्या वकिलाशी बोलावं. ग्रीन कार्ड आलं की बोलू.

गांजाच्या गोळ्या इथे एप्रिल २०२२पासून दुकानात मिळतात. बंदूक घेताना भरायच्या फेडरल फॉर्मला त्याचं काही नाही, तो गांजाचं अजूनही विचारतो आणि खोटं लिहिणं हा वेगळा गुन्हा. एक काहीतरी निवडा.

बंप स्टॉकवरची (रायफलमधून धडाधड गोळ्या झाडायला मदत करणारा जोड) फेडरल बंदी सुप्रीम कोर्टाने जून २०२४मध्ये उडवली. न्यू जर्सीची स्वतःची बंदी जागच्या जागी आहे. बातमीचा मथळा वाचून खरेदी करू नका.

होलो पॉइंट, म्हणजे टोकाला पोकळ असलेल्या गोळ्या घरात चालतात, रेंजला नेताना चालतात, खिशातल्या पिस्तुलात चालत नाहीत.

रेंजवरून येताना किराणा घेऊन येणारे पुष्कळ आहेत. मी आधी घरी जातो, सेफ बंद करतो, मग कोथिंबीर आणायला निघतो.

खंडेनवमीला सगळ्यांच्या बंदुका एकाच घरी

ही खास आपली चूक. काही वर्षांपूर्वी आमच्यातल्या एकाच्या डोक्यात आलं की सामुदायिक शस्त्रपूजा करू. सतरंजी, फुलं, सगळं ठरलं, सात जण आपापल्या बंदुका घेऊन येणार होते. कॅरी परमिट एकाकडेही नव्हतं. त्याशिवाय पिस्तूल घेऊन कुठे जाता येतं याची कायद्यात यादी आहे: रेंज, शिकार, दुरुस्ती, खरेदी, घर बदलणं, अशी. मित्राच्या घरी आरतीला, हे त्यात नाही. मी नको म्हटलं तर "अहो, देवाचं काम आहे, कोण विचारतंय" असं उत्तर आलं. मी शिक्षेचा आकडा सांगितला, तो वर लिहिलाय. फोनवर थोडा वेळ कोणी बोललं नाही.

पूजा अजून होते. पाटावर विळी, स्क्रू ड्रायव्हरचा सेट, यजमानांचा ड्रिल आणि पोरांचे लॅपटॉप असतात. बंदुका ज्याच्या त्याच्या सेफमध्ये, आणि हळद-कुंकू पुडीत बांधून घरी न्यायचं.