कॅलिफोर्नियात एकॉर्न गोळा करायला जायचंय? मग हे वाचा

बे एरिया, सॅक्रामेंटो साइडला राहणाऱ्या आपल्या लोकांसाठी लिहितेय. सप्टेंबर संपत आला की पार्किंगमध्ये, शाळेच्या ग्राउंडवर ओकच्या झाडाखाली एकॉर्नचा, म्हणजे त्याच्या टोपीवाल्या फळांचा, सडा पडतो आणि आपण तो तुडवत जातो. मिवोक, ओलोनी, पोमो, करुक, युरोक अशा इथल्या मूळ लोकांचं हजारो वर्षं हे रोजचं जेवण होतं, आणि त्यांची आताची पिढी ते परत ताटात आणायला मनापासून झटतेय. त्यात हातभार लावता येतो, फक्त नीट जायला हवं.

पिशवी घेऊन एकटेच जंगलात घुसू नका. आधी आपल्या भागात कुठल्या जमातीची जमीन होती ते शोधा आणि त्यांचे सगळ्यांसाठी खुले कार्यक्रम कधी असतात ते बघा. पाइन ग्रोव्हजवळ इंडियन ग्राइंडिंग रॉक स्टेट पार्क आहे, तिथे एकाच खडकात १,१८५ उखळं आहेत, बायकांनी पिढ्यान्‌पिढ्या एकॉर्न कुटून कुटून पडलेली, आणि दर सप्टेंबरमध्ये मिवोक लोकांचा बिग टाइम नावाचा मेळावा तिथेच भरतो. सुरुवात तिथून करा. काही मेळावे फक्त त्यांच्या घरच्यांसाठी असतात, तिथे आग्रह धरू नका. फोटो विचारून काढा.

आता काम. पहिला सडा सोडून द्या, सुरुवातीला पडतात ती बहुतेक किडकी असतात. नंतरची उचला, पण एकेक बघून. बारीक भोक दिसलं म्हणजे अळी आतून खाऊन बाहेर पडलीये, टोपी घट्ट चिकटून राहिली असेल तरी संशय घ्या, आणि घरी आल्यावर बादलीभर पाण्यात टाका, तरंगतील ती फेका. झाडाखालची सगळी झाडून नेऊ नका, हरणं आणि सुतारपक्षी त्यावरच जगतात.

मग वाळवण. हवेशीर जागी पसरून अधूनमधून हलवायचं, चांगलं खडखडीत वाळायला महिने लागतात, जुनी माणसं वर्षभर ठेवतात. खरी माणसं लागतात ती सोलायला. कवच फुटतं पटकन, पण ब्लॅक ओकच्या आतल्या गराला तांबूस पातळ साल असते, ती गराच्या खाचेत अशी रुतून बसते की टोकदार सुरीने उकरावी लागते, मग चोळून पाखडायची. दहाजण गोल बसून सोलत असले की गप्पाही होतात आणि आजीबाईंकडून खूप काही कळतं. ज्यांच्या आईने सूप धरायला शिकवलंय त्यांनी पाखडायला पुढे व्हा, हात लगेच बसतो.

पीठ अगदी बारीक हवं, नाहीतर तुरटपणा जात नाही. हा तुरटपणा म्हणजे टॅनिन. परंपरेने वाळूच्या उथळ खळग्यात पीठ पसरून त्यावर हळूहळू पाणी ओततात. घरी करायचं तर बरणीत पिठाच्या तिप्पट गार पाणी घाला, हलवा, फ्रीजमध्ये ठेवा, खाली बसलं की वरचं पाणी ओतून नवीन घाला. रोज चाखा. जिभेला ओढ लागायची थांबली की झालं, साधारण आठवडा धरा, ओकच्या जातीप्रमाणे कमीजास्त. उकळत्या पाण्याने लवकर होतं पण मग पीठ नीट मिळून येत नाही. शेवटी पाण्यात सतत ढवळत शिजवायचं, नाचणीच्या आंबिलीसारखं दाट होतं. पूर्वी हे घट्ट विणलेल्या टोपलीत तापलेले दगड टाकून शिजवायचे, अजूनही मेळाव्यात करून दाखवतात, जमेल तर नक्की बघा. पहिल्यांदा मीठ न घालता खा, मूळ चव तीच. नट्सची ॲलर्जी असेल तर मात्र जपून.

आणखी एक काम आहे, माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं. किडीच्या अळ्या फळातून उतरून जमिनीत शिरतात, म्हणून इथले मूळ लोक झाडाखाली मुद्दाम छोटी, ताब्यातली आग लावायचे. १८५० च्या कायद्याने त्यावर दंड बसवला. २०२१ मध्ये नवा कायदा झाला, जाणकारांनी जबाबदारीने लावलेल्या आगीचा विझवायचा खर्च आता त्यांच्या डोक्यावर सहसा येत नाही, त्यामुळे हे जाळणं परत वाढतंय. आग लावायच्या आधी पालापाचोळा ओढायला माणसं कमी पडतात, तुम्हाला बोलावलं तर पूर्ण बाह्यांचे सुती कपडे आणि चामड्याचे बूट घालून जा, सिंथेटिक अजिबात नको.