ऑनलाइन अधिवेशनात प्रतिनिधी म्हणून मतदान कसे करावे

‘डेमोक्रॅटिक सोशॅलिस्ट्स ऑफ अमेरिका’ म्हणजे डीएसए ही अमेरिकेतली डावी राजकीय संघटना १९८२ साली स्थापन झाली. तिचे राष्ट्रीय अधिवेशन दर दोन वर्षांनी भरते आणि संघटनेत त्याच्या वर कोणी नाही. २०२१ साली कोविडमुळे हे अधिवेशन १ ते ८ ऑगस्टदरम्यान पूर्णपणे ऑनलाइन झाले. देशभरातल्या चॅप्टरांनी, म्हणजे स्थानिक शाखांनी, निवडून दिलेल्या प्रतिनिधींनी घरी बसून ठरावांवर मते दिली, संघटनेचा राजकीय जाहीरनामा मंजूर केला आणि पुढच्या दोन वर्षांसाठी १६ जणांची राष्ट्रीय राजकीय समिती निवडली.

अमेरिकेत राहणारी बरीच मराठी मंडळी आता अशा संघटनांत, पक्षांत आणि कामगार युनियनांत सक्रिय आहेत. त्यांपैकी कोणाला आपल्या चॅप्टरने प्रतिनिधी म्हणून पाठवले, तर तयारी कशी करावी हे इथे सांगतो. उदाहरणे डीएसएसारख्या संघटनेची असली तरी सभेचे नियम उजव्या-डाव्या सगळ्यांना जवळपास सारखेच असतात. एक गोष्ट मात्र सुरुवातीलाच मनाशी पक्की करा. प्रतिनिधीचे मत त्याच्या एकट्याचे नसते. ज्यांनी तुम्हाला निवडले ते त्या खोलीत नसतात, आणि घरच्या टेबलाशी एकटे बसलेले असताना त्यांचा विसर फार लवकर पडतो.

आधी निवडून या

सदस्य असणे वेगळे आणि प्रतिनिधी असणे वेगळे. चॅप्टरच्या सदस्यसंख्येच्या प्रमाणात जागा मिळतात आणि त्यांसाठी निवडणूक होते. वर्गणी थकली असेल तर ती आधी भरा, कारण मतदार यादी एका ठराविक तारखेच्या नोंदीवरून बनते. अर्जासोबत छोटे निवेदन द्यावे लागते. त्यात स्वतःची ओळख दोन ओळींत आटोपा आणि कोणत्या प्रश्नावर तुमचा कल कुठे आहे ते स्पष्ट लिहा. मत देणाऱ्याला नेमके तेच हवे असते.

व्हिसावर असलेल्यांनी किंवा ग्रीन कार्डच्या रांगेत असलेल्यांनी कोणत्याही राजकीय संघटनेचे सदस्य होण्याआधी इमिग्रेशन वकिलाशी बोलावे. ग्रीन कार्ड नसलेल्या परदेशी नागरिकांना अमेरिकी निवडणुकांसाठी देणगी देता येत नाही. नागरिकत्वाच्या अर्जात कम्युनिस्ट किंवा एकाधिकारशाही पक्षाच्या सदस्यत्वाबद्दल थेट प्रश्न असतो. यात घाबरण्यासारखे काही नाही, पण ऐकीव माहितीवर विसंबण्याचा हा विषय नव्हे.

नोंदणी आणि क्रेडेन्शियल

निवडून आल्यावर नोंदणीचा ईमेल येतो आणि पुष्कळदा तो स्पॅममध्ये जाऊन पडतो. संघटनेकडे दिलेला ईमेल पत्ता, नोंदणीतले नाव आणि व्हिडिओ कॉलवर दिसणारे नाव एकच ठेवा. यादीत ‘ज्ञानेश्वर’ आणि पडद्यावर ‘डॅन’ असेल तर तपासणाऱ्या स्वयंसेवकाला तुम्ही सापडणार नाही.

अधिवेशनाच्या सुरुवातीला तीन गोष्टी याच क्रमाने मंजूर होतात: क्रेडेन्शियल समितीचा अहवाल, सभेचे नियम आणि कार्यक्रमपत्रिका. पहिल्या अहवालाने मताचा अधिकार कोणाला आहे हे ठरते, त्यामुळे तुमचे नाव त्या यादीत आहे ना, हे आदल्या दिवशीच पाहून ठेवा. अधिवेशन सुरू झाल्यावर मदतीच्या ईमेलवर शेकडो लोक एकदम तुटून पडतात.

राखीव प्रतिनिधींबद्दलही इथेच सांगतो. तासभर बाहेर जायचे आहे म्हणून राखीव प्रतिनिधीला लॉगिन देऊन जाणे चालत नाही. मूळ प्रतिनिधीने अधिकृतपणे माघार घेतल्याची नोंद झाली, की मगच राखीव माणूस त्याच्या जागी येतो. तात्पुरत्या बदलीची सोय असेल तर ती नियमांत लिहिलेली असते. दुसऱ्याच्या वतीने मत देणेही बहुतेक ठिकाणी निषिद्ध आहे.

ठराव वाचा, आणि लोकांना विचारा

अधिवेशनाचे खरे काम या पायरीवर होते. ठरावांचे बाड शंभर-दीडशे पानांचे असू शकते. ते पहिल्या पानापासून क्रमाने वाचत बसू नका. घटनादुरुस्त्या आधी वाचा, कारण त्या मंजूर झाल्या की वर्षानुवर्षे टिकतात आणि त्यांना बहुधा दोन-तृतीयांश मते लागतात. त्यानंतर पैशांचे ठराव घ्या: कोणाला पगारी नेमायचे, किती निधी कुठे वळवायचा. भूमिका जाहीर करणारे ठराव शेवटी वाचले तरी चालतात. त्यांच्यावर चर्चा सर्वांत तापते, पण पुढच्या दोन वर्षांचे काम ठरवतात ते आधीचे दोन प्रकार. प्रत्येक ठरावाशी स्वतःला तीन प्रश्न विचारा. हे काम कोण करणार? पैसा कुठून येणार? हे काम झाले नाही तर जाब कोणाला विचारायचा? ज्या ठरावात याची उत्तरे नाहीत तो मंजूर होऊनही कागदावरच राहतो.

‘कन्सेंट अजेंडा’ नावाच्या यादीकडे विशेष लक्ष द्या. ज्यांना फारसा विरोध दिसत नाही असे ठराव एकत्र बांधून एकाच मताने, चर्चेविना मंजूर केले जातात. वेळ वाचवण्यासाठी ही पद्धत चांगलीच आहे. पण एखादा महत्त्वाचा ठराव त्यात गेला असेल तर तो बाहेर काढून घेण्याची मुदत असते. काही संघटनांत एका सदस्याची हरकत पुरते, काहींत ठराविक सह्या लागतात. मुदत उलटली की तुमच्या हाती संपूर्ण गठ्ठ्याला हो किंवा नाही म्हणणे एवढेच उरते.

वाचून झाले की चॅप्टरची सभा घ्या. मोठी नको, दीड तासाची पुरे. वादाचे पाच-सहा ठराव मांडा, तुमचा कल सांगा आणि मग शांतपणे ऐका. सदस्यांनी तुम्हाला विशिष्ट मत देण्यास बांधले आहे की तुमच्या विवेकावर सोडले आहे, हे त्याच सभेत लिहून घ्या. बांधलेले असाल तर ते पाळा. मोकळे असाल तर मतासोबत कारणेही द्यावी लागतील, याची जाणीव ठेवा.

सभेचे नियम शिकून घ्या

अमेरिकेतल्या बहुतेक संघटना ‘रॉबर्ट्स रूल्स ऑफ ऑर्डर’ वापरतात. अमेरिकी लष्करातले अभियंता हेन्री मार्टिन रॉबर्ट यांनी ही नियमावली १८७६ साली प्रसिद्ध केली. २०२० सालच्या बाराव्या आवृत्तीत ऑनलाइन सभांसाठी नमुना नियमही जोडले आहेत. महाराष्ट्रात हाउसिंग सोसायटीची वार्षिक सर्वसाधारण सभा पाहिलेल्या माणसाला यातले पुष्कळसे ओळखीचे वाटेल. सूचक, अनुमोदक, दुरुस्ती, गणपूर्ती, हरकतीचा मुद्दा हे सगळे इथेही आहे, फक्त अंमलबजावणी काटेकोर.

सगळे पाठ करायची गरज नाही, पण पुढच्या गोष्टी झोपेतून उठवून विचारल्या तरी सांगता आल्या पाहिजेत.

हरकतीचा मुद्दा, म्हणजे पॉइंट ऑफ ऑर्डर, नियम मोडला जात असेल तेव्हा उपस्थित करतात. त्यासाठी बोलणाऱ्याला थांबवता येते आणि अनुमोदक लागत नाही. निर्णय अध्यक्ष देतात. तो पटला नाही तर अपील करता येते. अपिलाला अनुमोदक लागतो आणि निर्णय सभा करते. मते समसमान पडली तर अध्यक्षांचा निर्णय कायम राहतो.

माहितीची विनंती म्हणजे प्रश्न. ‘या ठरावाचा खर्च किती?’ हा प्रश्न झाला. ‘या ठरावाने संघटना बुडेल हे सूचकांना ठाऊक आहे का?’ हे भाषण झाले, आणि असे भाषण प्रश्नाच्या नावाखाली करणे सभेचा वेळ चोरणे आहे. ऑनलाइन सभेत ही चोरी फार होते, कारण प्रश्नांची रांग वेगळी आणि आखूड असते.

चर्चा थांबवून थेट मतदान घेण्याची सूचना, म्हणजे ‘कॉल द क्वेश्चन’, मंजूर व्हायला दोन-तृतीयांश मते लागतात, कारण तिने इतरांचा बोलण्याचा हक्क संपतो. या सूचनेवर चर्चा होत नाही. हे मत ठरावावर नसते, चर्चा थांबवावी की नाही यावर असते. घाईत लोक इथे फसतात आणि ठराव आवडतो म्हणून ‘हो’ दाबतात. दुसरी बाजू ऐकली गेली नसेल तर ठराव कितीही आवडता असला तरी ‘नाही’ म्हणावे, असे माझे ठाम मत आहे.

दुरुस्तीवर दुरुस्ती सुचवता येते, त्याखाली तिसरी नाही. मंजूर किंवा नामंजूर झालेल्या गोष्टीचा फेरविचार मागण्याचा अधिकार जिंकलेल्या बाजूने मत दिलेल्यालाच असतो.

पडदा, वेळ आणि घर

वेळापत्रकातली वेळ कोणत्या प्रदेशाची आहे ते पाहा. ऑगस्टमध्ये न्यू जर्सीत सकाळचे ११ वाजतात तेव्हा कॅलिफोर्नियात ८ आणि हवाईत पहाटेचे ५ वाजलेले असतात. आईवडिलांना भेटायला पुण्याला आला असाल तर रात्रीचे साडेआठ, आणि न्यू जर्सीच्या संध्याकाळी सातला संपणारे सत्र तुमच्याकडे पहाटे साडेचारला संपेल. असे असेल तर जागा राखीव प्रतिनिधीला देणे अधिक प्रामाणिकपणाचे.

मतदानाची खिडकी आणि व्हिडिओची खिडकी बहुधा वेगळी असते. जमल्यास मतदानासाठी लॅपटॉप आणि ऐकण्यासाठी दुसरे उपकरण ठेवा. मोबाइलचा हॉटस्पॉट तयार असू द्या. अधिवेशनापूर्वी सराव सत्र होते ते चुकवू नका, तिथे सरावाचे मत देऊन पाहा. घरच्यांना वेळा आधीच सांगून ठेवा. मतदान दोन-तीन मिनिटे खुले असते आणि तेवढ्यात दारावरची बेल वाजते.

बोलायचे असेल तर

ऑनलाइन रांगेत हात वर करणारे शेकडो असतात, त्यामुळे बोलायची संधी मिळेलच असे नाही. अध्यक्ष साधारणपणे एक बाजूचा आणि एक विरोधी असा क्रम ठेवतात, म्हणून रांगेत नाव देताना बाजू खरी सांगा. वेळ दोन मिनिटांची धरून भाषण लिहा आणि घड्याळ लावून मोठ्याने वाचून पाहा. पहिल्या वाक्यात नाव, चॅप्टर आणि बाजू सांगा. आधीच्या वक्त्याने तुमचा मुद्दा मांडला असेल तर हात खाली घ्या.

सभेशेजारी चॅट धो-धो वाहत असतो. चॅप्टरच्या सहकाऱ्यांचा छोटा ग्रुप उघडा ठेवा, बाकी बंद करा. तिथेही ‘आता काय दाबायचे?’ असे विचारू नका. कोणत्या दुरुस्तीवर मत चालू आहे, एवढेच विचारा.

मत देताना

बटण दाबण्याआधी ठरावाचा क्रमांक स्वतःशी मोठ्याने वाचा. दुरुस्तीवर मत आहे की दुरुस्त झालेल्या मूळ ठरावावर, ते ओळखा. तटस्थ राहण्याचा हक्क तुम्हाला आहे, पण त्याचा परिणाम समजून घ्या. रॉबर्टच्या नियमांत बहुमत मोजताना तटस्थांची गणती होत नाही. समजा १,००० जण हजर आहेत, ६०० बाजूने, २८० विरोधात आणि १२० तटस्थ. पडलेली मते ८८०, त्यांचे दोन-तृतीयांश ५८७, म्हणून घटनादुरुस्ती मंजूर. हजर असलेल्यांच्या दोन-तृतीयांशाचा नियम असता तर ६६७ लागली असती आणि तीच दुरुस्ती पडली असती. तुमच्या संघटनेचा नियम यांपैकी कोणता, हे आधी पाहून ठेवा.

समितीची निवडणूक पसंतीक्रमाने असेल तर जितक्या उमेदवारांबद्दल तुमचे मत आहे तितक्यांना क्रम द्या. एकल संक्रमणीय मतपद्धतीत १६ जागा आणि १,००० मतपत्रिका असतील तर निवडून यायला ५९ मते पुरतात. तुमची पहिली पसंती बाद झाली किंवा कोट्यापेक्षा, म्हणजे या ५९ पेक्षा, जास्त मतांनी निवडून आली, की मत किंवा त्याचा काही अंश पुढच्या पसंतीकडे सरकतो. खालच्या पसंतीमुळे वरच्या उमेदवाराचे नुकसान होत नाही. दोन-तीन नावांवर थांबलात तर मात्र तुमची मतपत्रिका मोजणीच्या मध्यावर संपून जाऊ शकते.

फेऱ्यांचे मतदान असेल तर जागा सोडू नका. अमेरिकेतल्या लिबर्टेरियन पार्टीने मे २०२० मध्ये झूमवर अधिवेशन घेतले तेव्हा राष्ट्राध्यक्षपदाची उमेदवारी जो जॉर्गनसेन यांना चौथ्या फेरीत मिळाली. पहिल्या फेरीनंतर उठून गेलेल्या प्रतिनिधीने निर्णायक मत गमावले असते.

गुप्त मतदानाबद्दल शंका वाटली तर विचारा, त्यात संकोच नको. जर्मनीच्या सीडीयू पक्षाने १६ जानेवारी २०२१ रोजी डिजिटल अधिवेशनात आर्मिन लाशेट यांना ५२१ विरुद्ध ४६६ मतांनी अध्यक्ष निवडले. तरीही तो निकाल पुढे पोस्टाने मतपत्रिका मागवून पक्का केला. ऑनलाइन मतदान गुप्तही असावे आणि पडताळताही यावे, हे साधणे कठीण आहे. म्हणून मोजणी कोण करते आणि नोंदी कुठे राहतात, हा प्रश्न प्रत्येक प्रतिनिधीने विचारायचाच असतो. मत नोंदले गेले नाही असे वाटले तर निकाल जाहीर होण्याआधी हरकतीचा मुद्दा घ्या. नंतर पाठवलेल्या ईमेलचा फारसा उपयोग होत नाही.

परत आल्यावर हिशेब द्या

अधिवेशन संपल्यावर आठवड्याभरात चॅप्टरला लेखी अहवाल द्या. काय मंजूर झाले ही यादी संघटना पाठवतेच. तुमच्या अहवालात वादाच्या ठरावांवर तुम्ही कोणते मत दिले आणि का, हे असावे. चॅप्टरच्या कलाविरुद्ध मत दिले असेल तर ते पहिल्या परिच्छेदात सांगा, कोणी विचारायची वाट पाहू नका. मंजूर ठरावांपैकी तुमच्या गावात कोणते काम सुरू करता येईल, ते पुढच्या सभेच्या विषयपत्रिकेवर घ्या. तुमच्या टिपणांची फाइल नीट नाव देऊन चॅप्टरच्या सामायिक फोल्डरमध्ये ठेवा, म्हणजे दोन वर्षांनी निवडून येणाऱ्या प्रतिनिधीला ती शोधावी लागणार नाही.