कॅम्पर व्हॅनसाठी पाण्याकाठची जागा निवडताना

नाशिकहून कॅम्पर व्हॅनने बोर्डी-डहाणूच्या किनाऱ्यावर मुक्कामाला जायचे असेल, तर भरतीची वेळ घरच्या दिनदर्शिकेवरूनच काढता येते. शुक्ल पक्ष असो वा कृष्ण, तिथीच्या अंकाला पाऊणने गुणावे; येईल तो आकडा म्हणजे भरतीची वेळ (वाजता). अष्टमीला साधारण सहाच्या सुमारास, सकाळी आणि संध्याकाळीही, भरती असते. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास उधाण येते, म्हणून वाळूवर सुकलेल्या काटक्या-शेवाळाची जी सर्वांत वरची रेघ दिसते, तिच्याही बऱ्याच वर, सुरूच्या झाडांमागच्या पक्क्या जमिनीवर गाडी लावावी.

भंडारदऱ्याच्या जलाशयाकाठी उन्हाळ्यात उघडी पडलेली जमीन वरून कोरडी दिसली, तरी खाली गाळ असू शकतो. टाच दाबून पाहावी आणि ती रुतली, तर गाडी पुढे नेऊच नये.

तिथीवरून काढलेली वेळ ढोबळ असते. पाण्यात उतरण्यापूर्वी स्थानिक कोळ्यांना अवश्य विचारावे.