बेळगाव भागात घर घेताय? विसार देण्याआधी घर असं तपासा

आपल्याकडे घर घेताना कागदांसाठी माणसं महिनोन्महिने पळतात. ईसी (मालमत्तेवर कर्ज-बोजा आहे का, हे सांगणारा दाखला) काढा, सिटी सर्व्हेचा उतारा आणा, कन्नडमधला मजकूर ओळखीच्या वकिलाकडून समजून घ्या. हे सगळं हवंच. प्रत्यक्ष घर बघायला मात्र पंधरा मिनिटं, त्यातली दहा चहाला! वर 'बँकेचा माणूस बघून गेलाय' हा दिलासा. पण बँकेचा व्हॅल्युअर कर्जापुरती किंमत ठरवतो. न्हाणीघराची भिंत ओलावते का, हे बघणं त्याचं काम नव्हे.

पावसात बघा

जमलं तर जुलै-ऑगस्टमध्ये, चांगला पाऊस झाल्याच्या दुसऱ्या दिवशी जा. मे महिन्यात नुकतं रंगवलेलं घर सगळ्यांनाच आवडतं, विकणाऱ्यालाही ते माहीत असतं. उन्हाळ्यातच व्यवहार उरकायचा असेल तर ओलीच्या जागा हुडका: स्लॅबचे कोपरे, न्हाणीघराच्या पलीकडची भिंत, भिंतीला टेकवलेल्या कपाटाची मागची बाजू, जमिनीलगतचा हातभर पट्टा. तिथे पोपडे, पांढरा खार किंवा कुबट वास असेल तर रंगाखाली ओल आहे. चार भिंतींपैकी एकच नवी रंगवली असेल तर का, ते सरळ विचारा. गच्चीवर बादलीभर पाणी ओतून ते नळीकडे जातंय की मध्येच साचतंय, हेही बघा.

खालची जमीन

शहापूर, वडगाव, येळ्ळूरकडे भाताच्या शिवारालगत वस्ती वाढत गेली आहे. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि पाया उथळ असेल तर घर तिच्याबरोबर हलतं. शेतात भराव टाकून बांधलेलं घर असेल तर भराव किती, पाया मूळ घट्ट जमिनीपर्यंत नेलाय का, हे बांधणाऱ्या मेस्त्रीलाच विचारावं. बळ्ळारी नाला किंवा मार्कंडेय नदी जवळ असेल तर ऑगस्ट 2019 च्या पुरात पाणी कुठवर आलं होतं, याची चौकशी शेजाऱ्यांकडे करा. मालकाकडे नको. खानापूरकडे तांबडी माती आणि जांभा असल्याने हा त्रास कमी, पण पाऊस जास्त. तिथे लक्ष छपरावर हवं.

भेगा

प्रत्येक भेगेला घाबरायचं कारण नाही. प्लास्टरवरच्या केसासारख्या रेघा बहुधा वरवरच्या असतात. वीटकाम आणि कॉलम जिथे मिळतात तिथली सरळ फटही बऱ्याचदा निरुपद्रवी. खिडकी-दाराच्या कोपऱ्यातून तिरकी जाणारी, पायऱ्यापायऱ्यांनी उतरणारी किंवा आरपार गेलेली भेग मात्र इंजिनिअरला दाखवाच. बीम-कॉलमला लांबीच्या दिशेने चीर आणि तांबूस डाग म्हणजे आतली सळई गंजतेय. भिंतीवर किल्लीने टकटक करा; पोकळ आवाज आला तर प्लास्टर सुटलंय.

जुनं कौलारू घर

माळ्यावर चढल्याशिवाय हे घर बघितलं असं म्हणू नका. वासे जिथे भिंतीत शिरतात तिथे स्क्रू-ड्रायव्हर टोचून बघा. सहज आत गेला तर लाकूड कुजलंय किंवा वाळवीने पोखरलंय. कौलं बदलता येतात, आढं बदलायला मात्र अर्धं छप्पर उतरवावं लागतं. शेजाऱ्याशी भिंत सामायिक असेल तर ती कोणाची, हे कागदात बघा.

वीज-पाण्यासाठी फार वेळ लागत नाही. अर्थिंग आहे का, जुनी वायर किती, सगळे नळ एकदम सोडल्यावर धार टिकते का, सेप्टिक टाकी विहिरीपासून किंवा बोअरपासून किती लांब आहे, एवढं बघा.

इंजिनिअर तुमचा हवा

बिल्डर किंवा दलाल सुचवेल तो नको. ठरलेली फी देऊन फोटोंसह लेखी अहवाल घ्या. मंजूर नकाशा सोबत न्या. कागदावर एक मजला आणि डोळ्यांसमोर दोन असतील तर वकिलाला तिथूनच फोन लावा.

अहवालात निघालेल्या दुरुस्तीचा खर्च गवंड्याकडून काढून घ्या आणि तो आकडा घेऊनच किंमत बोला. दुरुस्ती मालक करणार असेल तर काय, कधीपर्यंत आणि केली नाही तर किती रक्कम कापायची, हे साठेखतातच लिहून घ्या. नव्या फ्लॅटचा प्रकल्प रेराखाली (घर घेणाऱ्यांच्या संरक्षणाचा कायदा) नोंदलेला असेल, तर ताबा मिळाल्यापासून 5 वर्षांत दिसलेला बांधकामातला दोष बिल्डरने विनामूल्य दुरुस्त करायचा असतो. दोष कळवल्यावर त्याला 30 दिवसांची मुदत असते, म्हणून तक्रार लेखी द्या आणि पोच ठेवा.