मंडळाची मिसळ आणि निधी: या चुका टाळा

आमच्या मंडळाचं छोटं वाचनालय आहे. वर्गणीतून वर्तमानपत्रं आणि वीजबिल कसंबसं भागतं. नव्या पुस्तकांसाठी दरवर्षी एका रविवारी सकाळी आम्ही कुपनं विकून मिसळ करतो. खजिनदार म्हणून वही माझ्याकडे आली, त्या पहिल्याच वर्षी मी चक्रावून गेले. आदल्या वर्षी ८० रुपयांची दीडशे कुपनं खपून ९,००० रुपये उरले होते. माझ्या वर्षी तेवढीच कुपनं, तोच दर, आणि हातात जेमतेम साडेतीन हजार.

नासाडी झाली नव्हती, पैसेही कुठे गेले नव्हते. एकेकीला विचारत गेले तेव्हा उलगडा झाला. आदल्या वर्षी सगळा मसाला एका काकूंनी घरून आणला होता. कांदे-लिंबं एकाच्या शेतातली. भांडी आणि गॅस एका सभासदाच्या ओळखीवर फुकट. वहीत याची एक ओळ नाही. काकू मुलाकडे राहायला गेल्या आणि मसाल्याचा खर्च आम्हाला पहिल्यांदा दिसला.

ही पदरमोड न लिहिणं, माझ्या मते, लहान मंडळांची सगळ्यात मोठी चूक. माणसं प्रेमानं देतात, ‘त्यात काय लिहायचं’ म्हणतात, आणि आपणही संकोचतो. पण लिहायलाच हवं. आम्ही आता घरून आलेली प्रत्येक वस्तू बाजारभावानं दोन्हीकडे चढवतो: जमेला वस्तुरूप देणगी, खर्चाला तोच आकडा. शिल्लक बदलत नाही, पण ताटाचा खरा खर्च कळतो आणि कुपनाचा दर त्यावरून ठरतो. शिवाय देणाऱ्याचं नाव वहीत राहतं. ते मला फार महत्त्वाचं वाटतं.

कुपनांचा घोळ दुसरा. कार्यकर्ते गठ्ठा घेऊन जातात आणि उरलेली कुपनं रविवारी सकाळी खिशातून काढतात. कुपनांवर क्रमांक छापा, कुठून कुठपर्यंतचे क्रमांक कुणाकडे ते सहीनिशी लिहा, आणि न खपलेली गुरुवारी संध्याकाळपर्यंत परत घ्या. गुरुवारच, कारण शुक्रवारी रात्री मटकी भिजते. त्यानंतर आकडा कळून उपयोग नाही. ऑनलाइन पैसे मंडळाच्याच खात्यावर घ्या. कुणाच्या खासगी मोबाइलवर आलेले पैसे तो माणूस कितीही सचोटीचा असला तरी हिशेबाला डोकेदुखी ठरतात.

शंभर माणसांना आमचं माप असं: कोरडी मटकी ५ किलो, फरसाण ४ किलो, पाव अडीचशे ते तीनशे. शनिवारी सकाळी मटकी निथळून फडक्यात बांधतो. एका वर्षी सगळी मटकी एकाच मोठ्या फडक्यात बांधली होती. रविवारी पहाटे गाठ सोडली तर कडेला पांढरेशुभ्र मोड, आणि आत हात घातला तर मधला गोळा गरम, चिकट, आंबूस वासाचा. निम्मी फेकावी लागली. तेव्हापासून किलो-किलोची सैल गाठोडी बांधतो आणि चाळणीत ठेवतो, खालून वारा लागतो.

गर्दीत आधी संपतो तो रस्सा. दुसऱ्यांदा रस्सा मागणं हा खाणाऱ्याचा हक्कच आहे, तेव्हा ते धरूनच चला. संपत आला की पातेल्यात गार पाणी ओतलं, तर चव जाते आणि पुन्हा उकळी येईपर्यंत रांग थांबते. परतलेलं वाटण डबाभर बाजूला ठेवा, शेजारच्या शेगडीवर पाणी उकळतं ठेवा. दहा मिनिटांत रस्सा वाढतो. रस्सा शेवटपर्यंत वाफाळता हवा, कारण ५ ते ६० अंश सेल्सिअसच्या दरम्यान शिजलेल्या अन्नात जंतू झपाट्यानं वाढतात. म्हणून सकाळपासून कोमट पडलेला रस्सा संध्याकाळी वाटायचा मोह टाळा.

कागदपत्रांचं थोडक्यात. मंडळ नोंदलेलं नसेल आणि सामाजिक कामासाठी लोकांकडून पैसे जमवायचे असतील, तर महाराष्ट्रात १९५०च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम ४१ क खाली धर्मादाय कार्यालयाची परवानगी घ्यावी लागते. खाद्यपदार्थ विकण्याबाबत अन्न व औषध प्रशासनाच्या कार्यालयात आधी विचारून घ्या. घरगुती १४.२ किलोचं सिलिंडर अशा कामाला वापरू नका, १९ किलोचं व्यावसायिकच आणा. आणि कुपनाच्या पैशांवर देणगीदाराला आयकरात सवलत मिळवून देणारी, ८०जी नावानं ओळखली जाणारी पावती फाडू नका. त्या पैशांच्या बदल्यात ताट दिलेलं असतं, ती देणगी नव्हे.

आणखी एक चूक आम्ही बरीच वर्षं केली. पहाटे चारपासून चुलीपाशी उभ्या असलेल्या बायकांच्या वाट्याला शेवटी नुसता पाव आणि तळाचा रस्सा यायचा. मग पुढच्या वर्षी त्यातल्या दोघी येईनाशा झाल्या आणि ‘हल्ली कुणी पुढे येत नाही’ अशी तक्रार सुरू झाली. आता रांधणाऱ्यांची पानं नऊ वाजता वाढली जातात, रांग कितीही असो. तेवढा वेळ वाढायला पुरुषमंडळी उभी राहतात.

हिशेब त्याच संध्याकाळी, भांडी परत जाण्याआधी करा. पावत्या सोमवारी शोधायला गेलात तर सापडत नाहीत. आम्ही तो मंगळवारी वाचनालयाच्या फळ्यावर लावतो आणि त्याच कागदाखाली पुढच्या वेळची टिपणं असतात: पाव चाळीस उरले, लिंबं कमी पडली, चहाला साखर दोन किलो लागली.