परगावच्या कामगाराचा ताप हटत नसेल, तर काळा आजार कसा ओळखावा?

बिहार-झारखंडहून पुण्या-मुंबईत कामाला आलेल्या माणसाला ताप आला की मलेरिया, टायफॉइड, डेंगी तपासले जातात. काळा आजार (कालाजार), म्हणजे वाळूमाशीच्या चाव्यातून शिरणाऱ्या परजीवीमुळे होणारा ताप, इथे सहसा कुणाच्या डोक्यात येत नाही, आणि उपचार झाले नाहीत तर तो बहुतेकदा जीव घेतो. मुकादम असा, घरमालक असा की खोलीतला जोडीदार, हे करून पाहा.

आधी दिवस मोजा. ताप दोन आठवड्यांच्या वर गेला, मलेरिया निघाला नाही, अँटिबायोटिकनेही फरक पडला नाही, तर संशय धरा. वजन उतरलेले, चेहरा पांढुरका आणि डाव्या बरगडीखाली पोट जड, म्हणजे प्लीहा वाढलेली असू शकते. ती स्वतः दाबून बघू नका, डॉक्टरांना दाखवा.

मग गाव विचारा, जिल्ह्यासकट. सारण, सिवान, मुझफ्फरपूर, दुमका, पाकूड अशी, काळा आजार आढळणाऱ्या जिल्ह्यांची नावे आली तर डॉक्टरांना ती आवर्जून सांगा. ‘इथे येऊन चार महिने झाले’ यावर जाऊ नका. वाळूमाशी चावल्यापासून ताप यायला साधारण दोन ते सहा महिने लागतात, कधी त्याहून जास्त.

मोठ्या सरकारी रुग्णालयात काळ्या आजाराच्या आरके-३९ या झटपट चाचणीबद्दल विचारा. बोटातल्या थेंबभर रक्तावर काही मिनिटांत निकाल मिळतो. एक मेख आहे: आजार बरा झाल्यावरही ही चाचणी बराच काळ पॉझिटिव्ह येत राहते. त्यामुळे पूर्वी कधी हा आजार झाला होता का, हे आधीच सांगा. अशा वेळी अस्थिमज्जा किंवा प्लीहेतला नमुना सूक्ष्मदर्शकाखाली पाहावा लागतो. एचआयव्हीची तपासणीही करून घ्या, कारण त्यावर उपचार बदलतो.

उपचार एकेकाळी महिनाभर इंजेक्शने घेण्याचा होता. आता लायपोसोमल अँफोटेरिसिन-बी वजनाच्या किलोमागे १० मिलिग्रॅम, सलाइनमधून, बहुतेकांना एकदाच देतात. ताप उतरला की रुग्ण कामावर पळतो आणि पुन्हा दाखवायला येत नाही. त्याला सहा महिने तरी नजरेआड होऊ देऊ नका. पुढे महिन्यांनी, वर्षांनीही अंगावर फिकट चट्टे किंवा गाठी उठू शकतात. त्या दुखत नाहीत, बहुधा खाजतही नाहीत, म्हणून कोड किंवा कुष्ठ समजून दुर्लक्ष होते. पण त्यांतला परजीवी वाळूमाशीमार्फत दुसऱ्याला लागतो, त्यामुळे त्यावर वेगळा, लांबचा उपचार घ्यावाच लागतो.

ताट-वाटी वेगळी करायचे मात्र कारण नाही. शिवण्याने, सोबत जेवल्याने हा आजार पसरत नाही. पसरवते ती डासाहूनही लहान वाळूमाशी. ती दिवसा मातीच्या भिंतींच्या भेगांत आणि ओलसर गोठ्यात दडते.

म्हणून गावी फोन करून तिथल्या आशाताईंना रुग्णाची खबर द्यायला सांगा. ताप किंवा चट्टे असलेले घरात आणखी कुणी असेल, तर त्यांचीही तपासणी होईल. फवारणीवाले आले की भांडी-अंथरुणे बाहेर काढून भिंती मोकळ्या कराव्यात, गोठा फवारायचा सोडू नये आणि नंतर तीन महिने तरी भिंती सारवू नयेत, चुना लावू नये. सण तोंडावर आला तरी.